म्हगळीचा अभंग: जोडप्राण्यांची थोरवी मुलांनी कशी गावी

दोन प्राणी जोडून तिसराच प्राणी करायचा आणि त्याची थोरवी गायची, हा खेळ तिसरी ते सहावीच्या मुलांना झकास जमतो. फसतो तो बहुतेक वेळा एकाच जागी. ‘हत्तीची सोंड, सशाचे कान, मोराचा पिसारा, वाघाचे पाय’ अशी कविता सुरू होते आणि तिथेच संपते. ही झाली यादी. या जोडणीमुळे त्याला असं काय करता येतं, जे मूळच्या दोघांपैकी एकालाही येत नव्हतं? त्याचं उत्तर आलं की स्तुती सुरू झाली.

प्राणी दोनच घ्यावेत, फार तर तीन. वीसेक चिठ्ठ्या करा आणि त्यांत मुलांच्या पाहण्यातले, निदान ऐकण्यातले प्राणी घाला: म्हैस, बगळा, शेळी, घार, सरडा, खेकडा, वटवाघूळ, दाजीपूरचा गवा, शेकरू. डायनासोर आणि एकशिंगी घोडा नको. ते आले की मुलं कार्टूनमधलं आठवून लिहितात, स्वतः पाहिलेलं काही येत नाही. कोल्हापूरच्या पोराला म्हशीबद्दल जेवढं सांगता येतं, तेवढं सिंहाबद्दल कुठून येणार?

चिठ्ठ्या निघाल्या की लगेच लिहायला बसवू नका. आधी दहा मिनिटं नुसतं विचारा: हा खातो काय, झोपतो कुठे, त्याला कोण घाबरतं, आणि त्याचे दोन भाग आपसात कशावरून भांडतात? शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. म्हैस आणि बगळा निघाले, समजा. म्हशीला डुंबायचंय, बगळ्याला उडायचंय. दूध काढायची वेळ झाली आणि ही बसलीय कौलांवर! अडचण सापडली की कविता निम्मी झाली.

नाव एकाच्या सुरुवातीचं नि दुसऱ्याच्या शेवटाचं: म्हगळी. ‘म्हगळा’ केलंत तर दूध कोण देणार, हा प्रश्न वर्गातून येतोच. लिंग आधी ठरवून टाका, नाहीतर पहिल्या कडव्यात ‘उडतोस’ आणि दुसऱ्यात ‘उडतेस’ होतं.

आता साचा. मात्रा मोजणं या वयाला जड जातं, अक्षरं मोजणं सोपं. म्हणून थोरला अभंग घ्यावा: पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. शिवाय स्तुतीचा सूर मुलांच्या कानात अभंगांमुळे आधीच बसलेला असतो.

धन्य तू म्हगळे
शिंगांवरी ऊन
चिलटे झाडून
उडतेस

तुझ्या दुधासाठी
कौलांवर शिडी
गवळ्याची उडी
चुकेचना

मोजताना जोडाक्षर एकच धरायचं: ‘धन्य’ दोन, ‘गवळ्याची’ चार. मुलं ‘न्य’ची दोन अक्षरं मोजतात आणि चरण एका अक्षराने तोकडा पडतो. अनुस्वाराचं वेगळं अक्षर होत नाही. बोटांवर मोजून झालं की टाळी देत म्हणायला लावा, अडखळलं तिथे चूक आहे. यमक मात्र आधी शोधू देऊ नका. ‘ऊन’ला ‘धून’ सापडलं म्हणून म्हैस गाणं म्हणायला लागते आणि तिचा म्हैसपणा जातो.

‘तो’, ‘ती’ने लिहिलेली कविता वर्णनाकडे घसरते, ‘तू’ म्हटलं की आपोआप स्तुतीचा सूर लागतो. ही एक दुरुस्ती अर्ध्या वह्या सुधारते.

आता आपल्या कोल्हापूरची खास भानगड. ‘लई भारी’, ‘नादखुळा’, ‘काटा किर्र’: तिन्ही मोजून पाहा, चार-चार अक्षरं! चौथ्या चरणात अशी चपखल बसतात की प्रत्येक कडवं तिथेच जाऊन थांबतं. परवानगी एकदाच द्यावी, शेवटच्या कडव्यात. आधीच्या कडव्यांत पराक्रम दिसला असेल तर तो ‘नादखुळा’ शोभतो. नाहीतर नुसता गलका.

ज्यांना अभंग शांत वाटतो त्यांना पोवाडा द्या. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या गावात ‘जी जी रं जी’ शिकवायला लागू नये. फक्त पोवाड्यात प्रसंग लागतो, म्हणजे म्हगळीने कोणाला तरी हरवलं पाहिजे. सहावीखालच्या मुलांचा तो लांबत जातो.

मोठ्या मुलांना जुने जोडप्राणी दाखवावेत. सारळा दासांच्या पंधराव्या शतकातल्या ओडिया महाभारतात नवगुंजर आहे, नऊ तुकड्यांचा. त्यांत कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी, आणि एक चक्क माणसाचा हात. अर्जुन धनुष्य उचलतो, तो हात पाहून थबकतो आणि हा देव आहे हे ओळखून नमस्कार करतो. नऊ तुकड्यांपैकी कथा फिरते त्या एका हातावर. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ हा सिंहासारखा कल्पित प्राणी असतो, कुठे कुठे तर पंजात हत्ती धरलेला. शिल्पकाराने अवयव दाखवून हात झटकले नाहीत, त्याला पराक्रम करायला लावलाय.

चित्र काढायचं ते कवितेनंतर. आधी काढलं तर मूल चित्राकडे बघून लिहितं, आणि पुन्हा कान, सोंड, पिसारा. कविता झाल्यावर वह्या अदलाबदल करून दुसऱ्याच्या प्राण्याचं चित्र काढायला सांगा. चित्र काढणारा ‘पण हिचे पाय कुणाचे?’ असं विचारेल, तेव्हा कवीने वही परत घेऊन एक कडवं वाढवायचं.