अकराव्याच्या आधीचं दहावं

वचनाचं कार्ड हा काय प्रकार आहे, ते आधी सांगते. ३१ डिसेंबरला रात्री चर्चमध्ये वॉचनाइटची उपासना असते. बारा वाजतात, मफलर-स्वेटरमधून हात बाहेर काढून सगळे एकमेकांना 'हॅपी न्यू इयर' म्हणतात, आणि निघताना दाराशी कोणीतरी ट्रे घेऊन उभं असतं. ट्रेमध्ये पालथी घातलेली छोटी छोटी कार्डं. प्रत्येकावर बायबलमधलं एक वचन आणि कोपऱ्यात गुलाब, नाहीतर उगवता सूर्य. न बघता एक उचलायचं. ते तुमचं वर्षभराचं वचन.

मग पार्किंगमध्ये दुसरी उपासना सुरू होते. "तुला काय आलं गं?" "माझं तर मागच्याच वर्षीचं येऊन राहिलं पुन्हा!" नुकतंच कर्ज काढून फ्लॅट घेतलेल्या माणसाला 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही' आलं, की तो मनातल्या मनात ते हप्त्यांना लावून मोकळा होतो.

चिठ्ठ्या काढणं म्हणजे अंधश्रद्धा, असं म्हणून नाक मुरडणारे आमच्यातही आहेत. पण हा काही आपल्याकडचा शोध नव्हे. जर्मनीतल्या हेर्नहूट गावचे मोराव्हियन या प्रोटेस्टंट पंथाचे ख्रिस्ती वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी चिठ्ठी टाकून वचन काढत आलेत. त्यांचं असं पहिलं छापील पुस्तक १७३१ सालचं, आणि अजूनही ते दरवर्षी निघतं. शिवाय आमच्या नागपुरातल्या सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं, तेव्हा तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करायचा की मोठं होऊन त्याला कळू लागल्यावर, या वादातसुद्धा दोन्ही पद्धती ठेवून मार्ग काढला गेला. तिथं एका कार्डावरून कोण भांडणार?

माझं भांडण आहे ते वचनं निवडणाऱ्याशी. अख्ख्या ६६ पुस्तकांतून हा माणूस नेमकं गोड तेवढंच वेचतो. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलासा म्हणून एक ओळ नाही. ईयोब आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. उपदेशक नावाचं पुस्तक तर पहिल्याच अध्यायात सगळं व्यर्थ म्हणून टाकतं. यातलं काहीही मी आजवर गुलाबाच्या चित्राशेजारी पाहिलेलं नाही.

आणि कार्डावर वारंवार भेटणारं वचन म्हणजे यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या २९व्या अध्यायाचं अकरावं वचन. तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो, ते तुमच्या हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, अशा अर्थाचं. एका वर्षी ते आईला आलं. तिनं ते फ्रिजवर चुंबकानं लावलं आणि त्याचा अर्थही लावून टाकला: दादा पुण्याहून परत येणार. नागपुरात प्रत्येक गल्लीत एखादा तरी दादा पुण्याला असतोच; आमचाही होता. दर रविवारी फोन. "इकडं काही बघून राहिला का नाही? मिहानमध्ये लागेल ना काहीतरी." मिहान म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळचा कंपन्यांचा परिसर. तो म्हणायचा, "बघतो."

त्याची पुण्याची खोली मी पाहिलीये. गादी जमिनीवर. पुस्तकांची खोकी टेप न काढता भिंतीला लावलेली, त्यातल्याच एकावर इस्त्री आणि चार्जर. कढई एकच, तीही रूममेटची. पलंग का घेत नाहीस विचारलं तर म्हणे, परतच तर जायचंय.

आमच्याकडे बुधवारी घरसभा असते. त्यात शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई येतात. वचन अधांतरी वाचायचं नाही, हा त्यांचा नियम. आईनं अकरावं वचन काढलं, तर यांनी पहिल्यापासून अध्याय वाचायला लावला. आई दहाव्यावर थबकली. बाबेलात (म्हणजे बॅबिलोनमध्ये) ७० वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन, असं लिहिलेलं.

"७०?"

"७०च."

"तोवर मी कुठली राहते?"

"मीही नाही आणि हा सोफाही नाही," बाई म्हणाल्या आणि पुढं वाचा अशी खूण केली.

तर अकरावं वचन हा एका लांबलचक पत्राचा तुकडा आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेमचा राजा, सरदार आणि कारागीर धरून बाबेलला नेले. त्यांना यिर्मयानं मागून हे पत्र पाठवलं. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तो भर मंदिरात यिर्मयानं बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून मानेवर घेतलेलं लाकडी जू काढून मोडतो आणि जाहीर करतो, दोन वर्षांत सगळे परत येतील. कार्ड छापणाऱ्यानं डोळे झाकून उचलावं असं वचन! यिर्मयाचं पहिलं उत्तर मला फार आवडतं. तो म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. म्हणजे मनातून त्यालाही तेच हवं होतं. फक्त ते खरं नव्हतं.

(सगळीच दोन वर्षं खोटी ठरतात असंही नाही. १८९३ मध्ये नाशिकहून राजनांदगावला निघालेल्या कवी ना. वा. टिळकांना गाडीत एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल म्हणून भाकीत केलं. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झालासुद्धा. मात्र त्यांच्या हाती पुस्तक पडलं होतं, कार्ड नव्हे. ते वाचत वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत गेले आणि तिथंच अडकले.)

यिर्मया त्या लोकांना काय करायला सांगतो? घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. पोरांची लग्नं करा. मळा लावा हे वाचायला सोपं आहे, पण काटोलकडच्या कोणत्याही बागायतदाराला विचारा, संत्र्याची कलमं लावली की हाती फळ यायला चार-पाच वर्षं जातात. कलम लावणारा माणूस सामान बांधून बसत नाही.

दुसऱ्यांच्या नावानं गेलेलं पत्र आपण अडीच हजार वर्षांनी उघडून वाचतो आणि त्यात आपलं नाव शोधतो. माझी श्रद्धा बरीचशी या आगाऊपणावरच उभी आहे आणि मला तो सोडायचा नाही. पण मग पत्र पुरतं वाचावं, एवढं तरी त्या मूळ लोकांसाठी करायला हवं. ती माणसं रडली होती, १३७ व्या स्तोत्रात बाबेलच्या नद्यांकाठी बसून. त्यांच्यातल्या कित्येकांना परतीची वाट दिसलीच नाही. 'हिताचे संकल्प' हे शब्द आधी त्यांना सांगितलेत, हे कळल्यावर ते मला जड वाटू लागले आणि खरेही वाटू लागले.

आईची खरी पंचाईत केली सातव्या वचनानं. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. नगर म्हणजे पुणं! नागपूरच्या बाईनं गुडघे टेकून पुण्याचं भलं मागायचं! पहिल्या रात्री तिनं ते दोन शब्दांत उरकलं. मग हळूहळू तपशील येऊ लागले. धरणं भरू दे. हिंजवडीचा ट्रॅफिक सुटू दे. आमच्या पोराच्या घरमालकाला चांगली बुद्धी दे. तिथले लोक जरा सरळ बोलू देत, हेही एकदा घातलं; बाबांनी डोळे न उघडताच 'आमेन' म्हटलं.

दादाला "कधी येतो" विचारणं मात्र तिनं बंद केलं. खोकी उघडली का, हे विचारू लागली. गेल्या महिन्यात त्यानं पलंग बघून राहिलोय म्हणून सांगितलं, तर म्हणाली, "डबलच घे. आम्ही येऊन राहू ना."