बादलीतला भात

गुरुवार, २१ नोव्हेंबर

काल दुपारी तिसरीच्या पोरांना घेऊन उष्ट्याची बादली तोलली. सांबार निथळून नुसता भात भरला ४ किलो २०० ग्रॅम. अक्षर दासोहात, म्हणजे कर्नाटकातल्या शाळेच्या दुपारच्या जेवणाच्या योजनेत, पाचवीपर्यंतच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ येतो, शिजून तो साधारण तिप्पट होतो. फळ्यावर भागाकार मांडला. उत्तर आलं १४. चौदा पोरांचं जेवण बादलीत! वर्ग गप्प झाला.

मग मागनं आवाज आला, "पण बाई, ते म्हशीला घालतात की!"

खरंच आहे, बादली रोज शेजारच्या गोठ्यात जाते. मी त्याला चूक ठरवलं नाही. त्याच्या शेजारणीनंच सांगितलं, "जास्ती भात खाल्ला की म्हस फुगते. आमची आजी घालू देत नाही."

"भात येतो कुठनं?" मी विचारलं. "गोणीतनं." "रेशनातनं." हे मात्र मनाला लागलं. कुंपणापलीकडे सुगी चालली आहे, यांचेच आईबाप पहाटेपासून कापणीला वाकलेले असतात. बेळगावच्या येळ्ळूर-शहापूर शिवारातली बासमती शिजली की वास गल्लीभर जायचा. ती उंच वाढते, वाऱ्यात आडवी पडते, उताराही कमी. म्हणून लोक दुसऱ्या वाणांकडे वळले. काही शिवारावर तर प्लॉटच पडले.

आज सकाळी एका आजोबांकडून बासमतीच्या लोंब्या मागून आणल्या, प्रत्येकाच्या हातात एकेक दिली. एक मुलगी जीभ दातांत धरून दाणे ओरबाडत होती, दहा-दहाचे ढीग लावत होती. १३७ भरले, त्यातले ११ पोचट. ढिगाकडे बघून म्हणाली, "बाई, एवढ्याचा एक घास पण होत नाही."

दुपारी वाढपाला मुद्दाम उभी राहिले. पहिलीतल्या चिमुरडीला आणि पाचवीतल्या दांडग्याला तोच भरलेला डाव. लहानं "बस की मावशी" म्हणायला धजत नाहीत. मावशींचा तरी काय दोष? कमी वाढलं आणि पोर उपाशी राहिलं म्हणून घरचे भांडायला आले तर, ही त्यांची धास्ती. आम्ही शिक्षकांनी मात्र वर्षानुवर्षं "ताट स्वच्छ करा" एवढंच बजावलं. किती हवं ते सांगायला एकदाही शिकवलं नाही. याचं फार वाईट वाटलं.

मावशींशी बोलले. आधी अर्धा डाव, मग विचारायचं, हवं तितक्या वेळा वाढायचं. त्या लगेच तयार झाल्या. पहिलीतला एक पोरगा "थोडं घाला" म्हणाला आणि मग दोनदा मागून जेवला. आज बादलीत १ किलो ६०० ग्रॅम. आकडा पोरांनीच फळ्यावर लिहिला.

शाळा सुटताना ती मोजणारी मुलगी दाणे रुमालात बांधत होती. आजीला पेरायला देणार म्हणे. म्हटलं, "अगं, पेरणी आता कुठली? रोहिणी निघायला हवी."

"मग तोवर ठेवते की," म्हणाली, आणि गाठ आणखी घट्ट केली.