नववीचा वर्ग आणि गंगापूरचं पाणी

गुरुवार, रात्री

आज जोडतासिकेत पाणीवाटपाचा खेळ घेतला. वर्गाचे चार गट केले: नाशिक शहर, कालव्यावरचे द्राक्ष बागायतदार, सातपूर-अंबडचे कारखाने आणि पैठण, म्हणजे गोदावरीवर खाली असलेलं जायकवाडी धरण. मधल्या बाकावर बरणीत निळे मणी ठेवले. एक मणी म्हणजे 100 दशलक्ष घनफूट. गंगापूर धरणाची क्षमता 5630 दलघफू, म्हणजे भरलेलं धरण 56 मण्यांचं. 15 ऑक्टोबरपासून पुढचा पाऊस येईपर्यंत सगळ्यांनी यावरच काढायचं.

या खेळातलं खरं काम कार्डं बनवताना होतं. प्रत्येक गटाला अशी एक तरी माहिती द्यायची, जी दुसऱ्याला लागते पण त्याच्याकडे नसते. इलियट अ‍ॅरन्सन यांनी 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत धडा असाच वाटून दिला होता. प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा, त्यामुळे बाकीच्यांचं ऐकल्याशिवाय कुणाचंच भागेना. गोरी आणि काळी मुलं तिथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि एकमेकांकडे बघतही नव्हती. आपल्याकडे गटकार्य म्हटलं की एक हुशार मुलगी तक्ता रंगवते आणि चौघं तिच्याभोवती उभी राहतात. ते थांबवायचं तर प्रश्नच असा हवा, जो एकट्याला सुटणार नाही.

पैठणच्या कार्डावर 2005 चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा होता आणि 2013 च्या मेंढेगिरी समितीचं सूत्र: 15 ऑक्टोबरला जायकवाडीतला उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. बागायतदारांकडे छाटणीचं वेळापत्रक होतं, द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरायच्या वेळी बागेला ताण बसला तर काय होतं ते होतं, आणि नदीत सोडलेलं पाणी वाटेत किती जिरतं, म्हणजे वहनव्यय, तोही त्यांच्याकडेच होता. ही माहिती मी मुद्दाम पैठणला दिली नव्हती.

पहिली फेरी मुक्याने. प्रत्येक गटाने महिन्याची मागणी चिठ्ठीवर लिहून द्यायची, बोलायचं नाही. फेब्रुवारीतच बरणी रिकामी झाली. कारखानेवाल्यांनी तर पुढे मिळेल न मिळेल म्हणून पहिल्याच महिन्यात दुप्पट मागितलं होतं. दुसऱ्या फेरीत बोलायला परवानगी दिली, नियम तेच ठेवले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते सामाईक मालमत्ता लोक कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी. नुसतं समोरासमोर बोलू दिलं तरी लोक सामाईक साठा जपून वापरतात, हे त्यांच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं होतं. आज ते माझ्या वर्गात दिसलं.

आधी भांडण झालं, आणि चांगलंच झालं. शहर गटातल्या एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. जायकवाडीचा उपयुक्त साठा जवळपास 76 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे 1000 दलघफू), गंगापूर साडेपाचच्या आसपास. "आमचं धरण तेरा वेळा ओतलं तरी तुमचं भरत नाही, मग आम्हाला कशाला कोरडं करता?" त्यावर पैठणची मुलगी शांतपणे म्हणाली, "वरती धरणं बांधायच्या आधी हे पाणी कुठे जात होतं?" दोघांचीही गोष्ट खरी आहे. पुस्तकातल्या "जलव्यवस्थापन" या परिच्छेदात या दोन वाक्यांना जागाच नाही. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, फक्त गंगापूरच का, दारणा धरण कुठे गेलं? मी याच प्रश्नाची वाट बघत होते. दारणाचं 7149 दलघफूचं कार्ड बाकावर ठेवलं आणि बाजूला झाले.

मग त्या पैठणच्या मुलीने बागायतदारांना विचारलं, पाणी वाटेत किती जिरतं? तिच्या वडिलांची ओझरजवळ बाग आहे, म्हणून तर तिला पैठणमध्ये बसवलं होतं. कार्डावरचा आकडा ऐकून ती थबकली. मग म्हणाली, "थोडं थोडं सोडू नका. एकदमच सोडा, आणि आत्ताच सोडा. पावसाळ्यानंतर नदी ओली असते, पात्रात कमी मुरेल. उन्हाळ्यात मागितलं तर आमच्यापर्यंत पोचणारच नाही आणि तुमचंही जाईल." बागायतदार गटाने छाटणीचं वेळापत्रक काढलं, बोटाने तारखा मोजल्या आणि एक आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची एक पाळी, पुढे सरकवायला कबूल झाले. पाणी जात असताना नदीकाठच्या मोटारी बंद ठेवायची अटही त्यांनीच घातली. प्रत्यक्षात अशा वेळी काठावरची वीज बंद करतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

मला किती आनंद झाला ते लिहून कळणार नाही. नववीची मुलं आहेत ही.

शेवटची पंचवीस मिनिटं मणी झाकून फक्त चर्चेसाठी ठेवली होती. हा भाग वेळेअभावी गाळला, तर उरतो तो नुसता गोंगाट, असं माझं ठाम मत आहे. नमुना पाठांत बहुतेकदा टाळ्यांवरच थांबतात, तेव्हा मला वाईट वाटतं. कुणी कधी मत बदललं, कशामुळे बदललं, कुठली माहिती उशिरा मिळाली, हे मुलांच्या तोंडून आलं पाहिजे. एकाने विचारलं, "मॅडम, बरोबर उत्तर काय?" मी म्हटलं, तुमच्या ठरावाने कुणाचं किती नुकसान झालं ते आधी मोजा. फळ्यावर चार रकाने पाडले. कारखान्यांचा रकाना सगळ्यात लहान निघाला आणि त्यावरून पुन्हा वाद पेटला: सांडपाणी शुद्ध करून तेच का वापरत नाहीत?

इतका वेळ गप्प बसलेला मागच्या बाकावरचा एक मुलगा तेव्हा बोलला. मूळचा सुरगाण्याकडचा. "आमची आई बागेत मजुरीला जाते. तिची चिठ्ठी कोणत्या गटात टाकायची?"

वर्गाने पटापट नावं सुचवली: बागायतदारांत, नाही, शहरात. तो प्रत्येक वेळी मान हलवत होता. छाटणी पुढे सरकली की त्या आठवड्याचा तिचा रोज बुडतो, हे त्याने नीट समजावून सांगितलं. ठराव करताना हा हिशेब कुणाकडेच नव्हता. पेठ-सुरगाण्याहून दरवर्षी माणसं निफाड-दिंडोरीला कामाला उतरतात, वर्गातल्या निम्म्या मुलांनी त्यांना रोज पाहिलेलं आहे.

गुणांचं असं ठरवलंय: कुणी किती मणी वाचवले याला गुण नाहीत. प्रत्येकाने आपल्या विरुद्ध गटाची मागणी त्यांना पटेल अशी एका पानात लिहायची आणि ती त्या गटानेच तपासायची. पुढच्या गुरुवारी पाचवा गट असेल, मजुरांचा. त्याचं कार्ड मी लिहिणार नाही. छाटणीला रोज किती मिळतो, हंगामात किती दिवस काम असतं, पाणी नसेल तेव्हा माणसं कुठे जातात, हे त्या मुलाला आईला विचारून यायला सांगितलंय.