छंद-कर्नल अपडेट: स्वतःचे सिस्कॉल नंबर काढले, लिनक्सचे घेतले

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट टाकतोय. रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर आर्किटेक्चरवरच्या माझ्या छोट्या कर्नलवर (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आता मसल लिबसीने, म्हणजे सी भाषेच्या एका छोट्या स्टँडर्ड लायब्ररीने, स्टॅटिक लिंक केलेला हॅलो-वर्ल्ड चालतो, म्हणजे बायनरी मुद्दाम माझ्या कर्नलसाठी बनवलेली नाही, लिनक्ससाठी कंपाइल केलेली जशीच्या तशी उचलून टाकली आणि क्यूएमू या एम्युलेटरच्या कन्सोलवर ओळ आली! यासाठी नवीन असं फार काही लिहावं लागलं नाही, सगळ्यात मोठं काम सिस्कॉलचे, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलकडे जी कामं मागतो त्यांचे, नंबर बदलण्याचं होतं, म्हणून आजची पोस्ट नंबरांवरच.

आतापर्यंत माझी यादी एक्सव्ही६ या शिकवण्यासाठी बनवलेल्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवरून घेतलेली होती. तिथे फोर्क १, एक्झिट २, वेट ३, असं करत करत क्लोज २१ ला यादी संपते, आणि शिकायला ती फारच सुंदर आहे कारण अख्खं टेबल एका स्क्रीनवर दिसतं. यूझर प्रोग्रॅम ए७ रजिस्टरमध्ये नंबर ठेवतो, ईकॉल (कर्नलला हाक मारणारी प्रोसेसरची सूचना) मारतो, कर्नल त्या नंबरचं फंक्शन टेबलमधून काढून बोलावतो आणि उत्तर ए० मध्ये ठेवतो, बस. कर्नलच्या दारात नाव कधीच पोचत नाही, नाव फक्त हेडर फाइलमध्ये आपल्या वाचण्यासाठी असतं. म्हणून माझ्या कोडमध्ये राइटच्या फंक्शनला मी काहीही नाव दिलं तरी चालतं, पण बाहेरून आलेली बायनरी ६४ म्हणाली की राइटच झालं पाहिजे.

रिस्क-फाइव्ह लिनक्सचे नंबर हे नव्या आर्किटेक्चरसाठी केलेल्या कॉमन यादीतले आहेत, एआरएम६४ पण तीच यादी वापरतं. रीड ६३, राइट ६४, एक्झिट ९३. एक्स८६-६४ वर (नेहमीचे इंटेल-एएमडीचे पीसी) मात्र रीड ०, राइट १ आणि एक्झिट ६०, तिथे ६३ म्हणजे यूनेम आणि ६४ म्हणजे सेमगेट. तेव्हा नेटवर कुठलंही टेबल बघताना आधी आर्किटेक्चर बघा, ५९ हा आकडा इकडे पाइप२ आहे आणि तिकडे एक्झेकव्हीई. शिवाय नव्या यादीत ओपन आणि फोर्क हे कॉलच नाहीत, ओपनॅट ५६ आणि क्लोन २२० वरच सगळं भागवायचं, आणि ओपनॅटला डिरेक्टरीच्या जागी -१०० दिला की तो चालू डिरेक्टरी समजतो. हा -१०० पण एक ओळखनंबरच, फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) कधी ऋण नसतो म्हणून ती जागा मोकळी होती.

हॅलो-वर्ल्डचा ट्रेस काढला तर चारच आकडे दिसतात: ९६, २९, ६६, ९४. म्हणजे सेट-टिड-ॲड्रेस, आयऑक्टल, राइटव्ही, एक्झिट-ग्रुप. यातला २९, म्हणजे उपकरणाला खास विनंती करणारा आयऑक्टल, मला सगळ्यात जास्त आवडला. मसल पहिल्यांदा काही छापायच्या आधी आयऑक्टल करून टर्मिनलची साइझ विचारतं, विनंतीचा नंबर हेक्समध्ये ५४१३, आणि त्यातला ५४ म्हणजे आस्कीतला टर्मिनलचा टी! उत्तर नीट मिळालं तर समोर टर्मिनल आहे असं धरून ते ओळीओळीने छापतं, एरर आली तर सगळं बफरमध्ये साठवून शेवटी एकदम ओततं. माझ्याकडे आयऑक्टल नव्हतं तेव्हा जास्त ओळी छापणाऱ्या प्रोग्रॅमचं आउटपुट अगदी शेवटी धपकन यायचं, आता ८० बाय २४ असं ठोकळेबाज उत्तर देतो आणि ओळी वेळच्या वेळी येतात.

एररचे नंबर हा पण मोठा विषय आहे. एक्सव्ही६ मध्ये काहीही बिघडलं की -१ परत करतात आणि तिथे तेवढं पुरतं. लिनक्सच्या पद्धतीत -१ ते -४०९५ मधला प्रत्येक आकडा एररचं नाव असतो आणि -१ म्हणजे 'परवानगी नाही'. अनोळखी सिस्कॉलला म्हणूनच -३८ द्यायचा, 'असा कॉलच नाही', मग लिबसी काही ठिकाणी गुपचूप दुसरा जुना मार्ग पकडते. -१ दिला तर ती परवानगीचं रडगाणं गाते आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. हे नंबर युनिक्सच्या घराण्यात सुरुवातीला बहुतेक सारखे आहेत, २ म्हणजे फाइल नाही हे सगळीकडे खरं, पण ११ आणि ३५ बघा, लिनक्समध्ये ११ म्हणजे 'पुन्हा प्रयत्न कर' आणि ३५ म्हणजे डेडलॉक, फ्रीबीएसडीत बरोब्बर उलटं.

जुने नंबर कुठून आले ते शोधायला मी १९९१ चं लिनक्स ०.०१ उघडलं. एक्झिट १, फोर्क २, रीड ३, राइट ४, ओपन ५, क्लोज ६. आता १९७९ च्या सातव्या एडिशनच्या युनिक्सचं टेबल शेजारी ठेवा, हेच आकडे! ३२-बिट एक्स८६ वर आजही तेच चालतात. त्याच यादीत १७ ला ब्रेक, ३१ ला एसटीटीवाय, ३२ ला जीटीटीवाय असं लिहिलंय, लिनक्समध्ये हे कॉल कधी खरे चाललेच नाहीत, तरी ती घरं राखून ठेवलीत आणि तिथे 'अंमलात नाही' वालं फंक्शन बसवलंय. सचिननंतर १० नंबरची जर्सी कुणाला देत नाहीत तसंच आहे हे. माझ्या मते हीच शिस्त लिनक्सची खरी ताकद आहे, कारण कुणाच्या तरी कपाटातल्या जुन्या बायनरीत तो आकडा कोरलेला असू शकतो आणि तो बदलणं आपल्या हातात नसतं.

आर्किटेक्चरप्रमाणे वेगळे नंबर ही कटकट लिनक्सवाल्यांनाही नकोशी झाली असणार, कारण २०१९ च्या लिनक्स ५.१ पासून नवीन कॉल जवळपास सगळीकडे एकाच नंबरला येतात. सुरुवात ४२४ पासून, एक्स८६-६४ चं टेबल तेव्हा ३३४ वर होतं, तिथून थेट उडी! आयओ-युरिंग या इनपुट-आउटपुटच्या सोयीचे ४२५ ते ४२७ म्हणूनच दोन्हीकडे सारखे. माझे स्वतःचे दोन डीबग कॉल मी त्यामुळे २००० च्या पुढे टाकलेत, तिथे इतक्यात कुणी पोचत नाही, आणि टेबल एवढं लांबवण्यापेक्षा त्यांच्यासाठी वेगळा इफ ठेवलाय.

रीबूट पण बसवलं, नंबर १४२. यात पहिले दोन आर्ग्युमेंट जादूचे आकडे असतात, ते जुळले नाहीत तर कर्नल काही करत नाही, म्हणजे भरकटलेल्या प्रोग्रॅमने चुकून १४२ मारला तरी मशीन बंद पडत नाही. दुसरा आकडा ६७२२७४७९३, दिसायला काहीच्या काही, पण हेक्समध्ये लिहा: २८१२१९६९. लिनस टोरवाल्ड्सची जन्मतारीख, २८ डिसेंबर १९६९! क्यूएमूच्या व्हर्च्युअल मशीनला खरंच बंद करायला मग हेक्स १००००० या पत्त्यावर हेक्स ५५५५ लिहायचं, ७७७७ लिहिलं तर रीसेट. हे दोन आकडे सोर्समध्ये उघडे टाकू नका, नाव देऊन हेडरमध्ये ठेवा, सहा महिन्यांनी ५५५५ बघून काहीही आठवत नाही.

पुढचं काम बिझीबॉक्सचा (छोट्या युनिक्स कमांडांचा एकत्र संच) शेल. त्याला २२० आणि २२१ म्हणजे क्लोन आणि एक्झेकव्हीई, २६० वेट४, २४ डुप३, ५९ पाइप२ आणि १३४ चा सिग्नलवाला कॉल एवढं तरी लागेलच. पाइप आणि डुप३ झालेत, वेट४ अर्धं आहे, सिग्नलला अजून हात लावलेला नाही. १३४ ला नुसतं ० परत करून शेलचा प्रॉम्प्ट कुणी मिळवला असेल तर खाली नक्की लिहा, मी आधी तेच करून बघणार आहे.