शिट्टी खिशात ठेवून

अभ्यासक्रम बदलला की आम्हा पीटीच्या शिक्षकांची टाचणवही आधी बदलते, मैदान बदललं तर मागाहून. या वेळी निष्पत्तींच्या, म्हणजे मुलांना शेवटी काय जमायला हवं त्या रकान्यात 'सोबत्याची हालचाल पाहून सुधारणा सुचवतो' अशा अर्थाचं वाक्य आलं. मी ते सुबक अक्षरात उतरवलं, मैदानावर गेलो आणि नेहमीसारखी शिट्टी फुंकली. एक, दोन, हात वर.

खरं तर शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक मस्का मॉस्टन यांनी १९६६ साली मांडलेल्या अध्यापनशैली मी शिकताना घोकून पाठ केल्या होत्या. एका टोकाला हुकूम, दुसऱ्या टोकाला स्वतःच स्वतःला शिकवणारा विद्यार्थी. निर्णय कोण घेतो, यावर सगळी विभागणी. पेपरात छान लिहिलं होतं मी. मैदानावर मात्र सगळे निर्णय माझेच.

शेवटी एकदा जोड्या लावल्या. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने हातातल्या कार्डावर पाहायचं: विरुद्ध पाय पुढे आला का, कोपर खांद्याच्या उंचीला आहे का, फेकल्यावर हात अंगावरून आडवा खाली आला का. या शैलीत शिक्षकाने फेकणाऱ्याशी बोलायचंच नाही, फक्त पाहणाऱ्याशी बोलायचं. वाचायला सोपं आहे. पाचव्या मिनिटाला एकाचा चुकीचा पाय पुढे आला आणि मी इकडून ओरडलो, "डावा, डावा!" त्याच्या जोडीदाराने शांतपणे कार्ड खाली ठेवलं. सर सांगतायत म्हटल्यावर त्याचं काम संपलंच होतं. पुढच्या तासाला मी शिट्टी खिशात आणि जीभ दाताखाली ठेवली.

(गोळाफेकीला मात्र शिट्टीच. फेकायचं हुकमावर, गोळा आणायला जायचं तेही हुकमावर. तिथे प्रयोग करायची माझी छाती नाही.)

उंच उडीच्या वेळी दोरी तिरकी बांधली, हीसुद्धा मॉस्टन यांचीच युक्ती. सरळ दोरीला जो अडकतो तो बाद होऊन कडेला बसतो, म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच धुळीत रेघोट्या मारत राहतो. तिरकी दोरी कुणालाच बाद करत नाही, उंची ज्याची त्याने निवडायची. दरवेळी 'पाय दुखतोय' म्हणणारी एक मुलगी त्या दिवशी खालच्या टोकापासून वितावितानं सरकत मध्यापर्यंत आली. मी काहीच बोललो नाही.

पण वर्गातला सर्वांत उंच उडी मारणारा मुलगा तासभर त्याच खालच्या टोकाला घुटमळत होता. मला वाटलं, झालं, सूट दिली की असंच होणार. तास सुटल्यावर त्याला गाठून जरा घुश्शातच विचारलं, "वर का नाही गेलास?"

"सर, तिकडे सगळे रांगेत उभे होते. इकडे माझ्या एकोणीस उड्या झाल्या."