रिटायर झालो अन् नागपूर सोडून धामणगावात आलो, माझा अनुभव

एप्रिल २०२४ ला मी रिटायर झालो. हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीचं स्टोअर २९ वर्षं सांभाळलं, पण प्रायव्हेट नोकरी, म्हणजे पेन्शन ईपीएस-९५ ची, पीएफ ऑफिसकडून मिळणारी. ती बसली महिन्याला चार हजार अन् वर थोडे. लोकांना वाटते २९ वर्षं केली म्हणजे दहा-बारा हजार तर कुठे गेले नाहीत, पण हायर पेन्शन (खऱ्या पगारावरची) न घेतलेल्याचा हिशोब असा आहे की ऑगस्ट २०१४ पर्यंतची वर्षं ६५०० पगार धरून मोजतात, त्यानंतरची १५००० धरून, अन् त्याला ७० ने भागतात, मग तुमचा खरा पगार त्याच्या कितीही वर असो. हे मला शेवटच्या वर्षी नीट समजलं. ज्यांची अजून पाच-सात वर्षं नोकरी राहिली आहे त्यांनी आजच हा हिशोब कागदावर मांडून पाहावा.

नागपुरात भाडं ११ हजार. घरात मी, बायको अन् ७८ वर्षांची माय. पोरगा पुण्यात, त्याचा स्वतःचा हप्ता चालू, त्याच्यावर भार टाकायचा नाही हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं.

मग गाव शोधणं सुरू झालं. वर्ध्यात पाहिलं, अमरावतीत पाहिलं, दोन्हीकडे जागेचे भाव आमच्या हाताबाहेर. आर्वी चांगली वाटली पण रेल्वे नाही, पुलगाव-आर्वीची छोटी गाडी कधीचीच बंद पडली. शेवटी धामणगाव रेल्वे. वर्धा अन् बडनेराच्या बरोब्बर मधात, मुंबई-हावडा लाईनवर, महाराष्ट्र एक्स्प्रेस थांबते, कापसाचा बाजार आहे, तालुक्याचं ठिकाण असल्यानं बँक, पोस्ट, तहसील सगळं पायी. समृद्धी महामार्गही तालुक्यातूनच गेला पण त्यावर टू-व्हीलर चालत नाही, माझ्याजवळ स्कूटर आहे, त्यामुळे तो माझ्या हिशोबात धरलाच नाही. आमच्यासाठी स्टेशन महत्त्वाचं.

पैशाचं आधी सांगतो कारण सगळे तेच विचारतात. ग्रॅच्युइटी ४ लाख ६८ हजार, शेवटचा बेसिक २८ हजार, त्याला १५/२६ अन् २९ वर्षांनी गुणायचं. पीएफ धरून हाती साधारण ३५ लाख. पण पीएफ लगेच मिळाला नाही, कंपनीच्या जुन्या रेकॉर्डात माझं नाव वडिलांच्या नावाशिवाय लिहिलेलं अन् आधारवर पूर्ण नाव, एवढ्यावरून क्लेम परत आला. मग जॉइंट डिक्लेरेशन (नाव दुरुस्तीचा अर्ज) भरा, कंपनीची सही आणा, पुन्हा क्लेम टाका, यात उन्हाळा अन् अर्धा पावसाळा गेला. नोकरीत असतानाच नाव, जन्मतारीख अन् वडिलांचं नाव जुळवून घ्या, रिटायर झाल्यावर कंपनीच्या गेटवर उभं राहून सही मागणं फार जड जाते, मी उभा राहिलो आहे म्हणून सांगतो.

पैसे आल्यावर १५ लाख सीनियर सिटीझन स्कीममध्ये टाकले. ६० पूर्ण नसली तरी ५५ च्या वरचा रिटायर माणूस त्यात टाकू शकतो, फक्त रिटायरमेंटचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत (आधी एकच महिना होता, २०२३ च्या नोव्हेंबरात वाढवला). ८.२ टक्के, म्हणजे दर तिमाहीला ३०,७५०. पोस्टाच्या एमआयएसमध्ये (मासिक उत्पन्न योजनेत) दोघांच्या नावानं ६ लाख, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ३,७००. पेन्शन धरून महिन्याचे अठरा हजार झाले. बाकी १४ लाख घरासाठी बाजूला ठेवले अन् त्याला हात लावायचा नाही असं ठरलं.

घर लगेच घेतलं नाही, हेच माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचं झालं, अन् ते सुचलं बायकोला. ती म्हणाली, "आधी एक उन्हाळा भाड्यानं काढू, मायले झेपते का पाहू, मंग पैसे अडकवू." दिवाळीनंतर ४,५०० भाड्यानं दोन खोल्या अन् अंगण घेतलं.

हिवाळा मजेत गेला. तूर वळखीच्या शेतकऱ्याकडून घेतली, मिलवर डाळ करून आणली, वर्षाचा गहू भरला. भाजी आठवडी बाजारातली, सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी तर भाजीवाली तशीच पिशवीत टाकून देते. किराणा-भाजी साडेपाच-सहा हजारांत भागू लागली, नागपुरात नऊ-साडेनऊ लागत होते.

अन् मग एप्रिल आला. आमच्या इकडचा उन्हाळा वाळवंटासारखाच, हवेत ओल म्हणून नाही, म्हणूनच तर इथे डेझर्ट कूलर चालतो, कोरड्या हवेत पाणी उडून जाते अन् गारवा येतो. पण त्याचा अर्थ असाही की कूलर बादल्यांनी पाणी पितो. आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड, टाकी ५०० लिटरची. धुणंभांडी, अंघोळी अन् वरून दोन कूलर, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टाकीचा तळ दिसायचा. हा विचार मी नागपुरात बसून केलाच नव्हता, मी भाडं मोजत होतो, किराणा मोजत होतो, पाणी मोजलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात पारा ४४ च्या वर. एका रात्री साडेबाराला लाईट गेली ती येईचना. भिंतीला हात लावला तर आतूनही गरम. दोनच्या सुमारास माय काहीतरी असंबद्ध बोलायला लागली, अंग तापलेलं, जीभ कोरडी, विचारलं तर माझ्याकडे पाहून माझ्या मामाचं नाव घेते. बायकोनं लुगडं भिजवून तिच्या अंगावर टाकलं, शेजारच्या वहिनी त्यांच्या माठातलं पाणी घेऊन धावत आल्या, त्यांच्या पोरानं ऑटो काढला. सरकारी दवाखान्यात लगेच सलाईन लावली. सकाळी सात वाजता मायनं मला माझ्या नावानं हाक मारली अन् चहा मागितला. ते मी विसरणार नाही.

त्या दिवशी मी गाव सोडायच्या गोष्टी करू लागलो होतो. बायको म्हणाली की नागपुरातही लाईट जाते, पण तिथे रात्री दोनला ऑटो काढायला कोण आलं असतं. मग पळून जाण्याऐवजी दुरुस्ती केली. १५० एएचची बॅटरी अन् इन्व्हर्टर घेतला, मायच्या खोलीत कमी वॅटच्या मोटारचा कूलर बसवला, तो इन्व्हर्टरवर चालतो. पॅडच्या जागी वाळ्याच्या ताट्या लावल्या, वास येतो तर मायला तिच्या माहेरचं घर आठवते. पुढे मे मध्ये अवकाळी पाऊस आला, थोडी सुटका झाली, माय टिकली, अन् मग आम्ही घर पाहायला लागलो.

घराचं काम सोपं नसते. स्टेशनपासून पंधरा मिनिटांवरचं जुनं घर, तीन खोल्या, अंगणात कडुनिंब, साडेबारा लाखांत ठरत होतं. दलाल इसारासाठी मागे लागला, "भाऊ, दुसरं गिऱ्हाईक येऊन राह्यलं, आजच पन्नास हजार द्या." मी म्हटलं आधी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) दाखवा. निघाली तेव्हा त्यावर विकणाऱ्याच्या वडिलांचं नाव, ते जाऊन अकरा वर्षं झालेली, वारस नोंद झालेलीच नाही. त्याला तीन बहिणी, एक भोपाळला. तिघींचं हक्कसोड पत्र रजिस्टर झाल्याशिवाय मी एक रुपया देणार नाही म्हटलं, दलाल रागावला, मी पण ऐकलं नाही. वकिलाकडून जागेच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा सर्च काढला, जागा नझूलची (सरकारी मालकीची) आहे का, लीज आहे का ते शीट नंबर घेऊन तपासलं, कारण विदर्भातल्या जुन्या गावठाणात हे निघतेच अन् लीजचं नूतनीकरण राहिलं असलं तर पुढे आपल्याच मानेवर बसते. आमची जागा नझूलची नव्हती. वारस नोंदीची फाईल एका टेबलावर सात आठवडे पडून होती, दर सोमवारी जायचो, शेवटी लेखी अर्ज देऊन पोच घेतली तेव्हा हलली. तोंडी विचारण्यात मी सहा सोमवार घालवले.

डिसेंबर २०२५ मध्ये खरेदी झाली, बायकोच्या नावानं, बाईच्या नावावर घर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, साडेबारा लाखांवर ते साडेबारा हजार होतात. त्या वाचलेल्या पैशातच टाकी अन् अर्धं पाईपचं काम भागलं.

दवाखान्याचं म्हणाल तर सेवाग्रामचं कस्तुरबा हॉस्पिटल आमचा आधार, बायकोची शुगर-बीपीची तपासणी तिथेच. गाडीनं वर्ध्याला उतरायचं, तिथून ऑटो. मायचं वय वंदना कार्ड काढून घेतलं, ७० च्या वरच्यांना ५ लाखांपर्यंत इलाज फुकट, आधार सोडून काही लागलं नाही. एसटीत मायला तिकीट नाही (७५ च्या वर), बायकोला अर्धं, मला पूर्ण, रेल्वेची म्हाताऱ्यांची सवलत २०२० पासून बंद आहे ती अजून दिलेली नाही, ती द्यायला पाहिजे, आमच्यासारख्यांना महिन्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागते. पेन्शनची बँक नागपूरचीच होती पण जानेवारी २०२५ पासून ईपीएसची पेन्शन देशात कुठल्याही शाखेतून मिळते, त्यामुळे पीपीओ (पेन्शनचा आदेश) ट्रान्सफर करायचा चक्कर वाचला. हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, पोराने व्हिडिओ कॉलवर शिकवला.

आता महिन्याचा खर्च सगळा धरून साडेतेरा-चौदा हजार. औषधं त्यातच. उरते ते बाजूला ठेवतो, सोलर बसवायचं आहे, दोन किलोवॅटला सूर्यघर योजनेत ६० हजार सबसिडी आहे, कूलरच्या चार महिन्यांचं बिल पाहिलं की ते लवकर करावंसं वाटते.

यंदा मार्च संपायच्या आत कूलर खाली काढले, ताट्या बदलल्या, मागच्या भिंतीशी हजार लिटरची टाकी चढवली. माय खाट टाकून कडुनिंबाखाली बसली होती, मिस्त्रीला सांगत होती, बाबू, टाकीचं झाकण नीट बसव, चिमण्या पडतात.