टोपी उतरवणारं फूल

कॅलिफोर्निया पॉपीची माझी पहिली रोपं अति लाडानं गेली. बी ट्रेमध्ये रुजवलं, रोपं बोटभर झाल्यावर शेणखत घातलेल्या वाफ्यात हलवली, रोज पाणी दिलं. आठवड्याभरात सगळ्यांनी माना टाकल्या. एक उपटून पाहिलं, तर खाली एकच लांब सोटमूळ होतं आणि त्याचं टोक मी लावतानाच तुटलं होतं. हे झाड जागा बदलू देत नाही.

पुढच्या थंडीत बी थेट जमिनीतच पेरलं. भिंतीकडेचा मुरमाड पट्टा, दिवसभर ऊन, पाणी अजिबात न साचणारा. बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून फेकलं आणि वर नखभर माती भुरभुरवली. दोन-तीन आठवड्यांत शेपूसारखी निळसर हिरवी पानं दिसू लागली. दाट आलेली रोपं मी उपटली नाहीत, कात्रीनं कापली, म्हणजे शेजारच्यांच्या मुळांना धक्का नको. खत नाहीच. पाणीही माती सुकल्यावरच.

मग कळ्या आल्या. दोन निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी हिरवी दलं, जुळून कळीवर टोकदार टोपी तयार होते. एका सकाळी ऊन वर आलं आणि आतल्या पाकळ्यांनी ती टोपी अख्खीच्या अख्खी वर ढकलली. ती खाली पडली आणि चुण्या पडलेलं केशरी रेशीम हळूहळू उलगडलं. पाकळ्या चारच, पण उन्हात त्यांना अशी चकाकी येते की डोळा हलत नाही. संध्याकाळी फूल गुंडाळून मिटतं. ढग आले तरी मिटतं. पहिल्यांदा मी घाबरून पाणी घालायला धावले होते. ऊन पडताच सगळी पुन्हा उघडली.

खसखशीच्या कुळातलं म्हणून घरी शंका निघाली. पण यात अफू नसते; देठ तोडला तर पांढरा चीक न येता पाण्यासारखा रस येतो.

एश्शोल्झिया हे त्याचं अवघड शास्त्रीय नाव मैत्रीतून आलंय. १८१६ मध्ये 'रुरिक' हे रशियन जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात थांबलं, तेव्हा त्यावरचे कवी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ शामिसो यांना हे फूल दिसलं. जहाजाचे डॉक्टर एश्शोल्ट्झ त्यांचे मित्र, त्यांचंच नाव त्यांनी फुलाला दिलं. १९०३ पासून ते कॅलिफोर्नियाचं राज्यफूल आहे.

सुकलेली फुलं खुडत राहिलं तर बहर लांबतो. शेवटच्या शेंगा मात्र मी राखल्या. बोटभर लांब, शिरा असलेल्या. वाळल्या की उन्हात तडकतात आणि बी लांब उडवतात. यंदा पायवाटेच्या फरशांमधल्या फटीत तीन रोपं आपोआप उगवलीत. तिथं मी झाडू अलगद, कडेकडेनं फिरवते.